काळी पाचमधला कॉन्चेर्टो

मुंबई,
१४ जुलै २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. हॉस्टेलचे वॉचमनकाका म्हणाले की हल्ली टपालानं नोटिसा तेवढ्या येतात, तुझी मात्र अख्खी माणसं येतात. मी त्यांना सांगितलं की आमच्या बाबांना दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, व्हिडिओ कॉलवर त्यांना माझं नुसतं तोंड हलताना दिसतं, आणि मोबाईलवर टाईप केलेलं वाचून ते म्हणतात की ह्याला पत्र म्हणत नाहीत, ही तर दुकानाची पाटी. काका खूप हसले.

आता बातमी. डिसेंबरमध्ये आमच्या संगीत महाविद्यालयाचा वार्षिक कार्यक्रम आहे. त्यात दर वर्षी एकाच विद्यार्थ्याला पूर्ण ऑर्केस्ट्राबरोबर पियानो वाजवायला मिळतो. यंदा मला! आणि वाजवायचं काय, तर आपला ए मेजर कॉन्चेर्टो, तुमच्या त्या व्हिएन्नाच्या बुवांचा. फर्नांडिस मॅडमनी नाव घेतलं आणि मला आपली पुढची खोली दिसली. खिडकीशी माझा कीबोर्ड, सतरंजीवर तुमची पेटी. पियानोचा भाग मी वाजवायचे आणि ऑर्केस्ट्राचा सगळा भाग तुम्ही एकटे पेटीवर. मी छापील कागदावरचे स्वर वाचून दाखवायचे, तुम्ही ते सरगममध्ये लिहून घ्यायचात. रेकॉर्डिंग ऐकायचं नाही, आधी आपलं आपण बसवायचं, हा तुमचा कायदा. शाळेतल्या मैत्रिणी खेळायला जायच्या आणि मी तुमच्यासोबत हे घेऊन बसायचे.

पण बाबा, काहीतरी बिघडलंय. मॅडम दुसऱ्या पियानोवर ऑर्केस्ट्राचा भाग वाजवतात. पहिला भाग मी कसाबसा रेटते. तो मधला संथ भाग आहे ना, जो पियानो एकटाच सुरू करतो? माझं एकटीचं संपतं, समोरून उत्तर येतं, आणि माझे हात थांबतात. पट्ट्या त्याच, बोटं तीच, पण कानाला सगळं खाली बसल्यासारखं लागतं. रेकॉर्डिंग ऐकलं तर तेही तसंच. बाकी काही वाजवताना असं होत नाही. सप्टेंबरच्या शेवटी चाचणी आहे. तोवर जमलं नाही तर माझ्याऐवजी ऐश्वर्या वाजवणार, तिचंही बसलेलं आहे. पोरगी चांगली आहे, त्यामुळे तिच्यावर रागही धरता येत नाही.

इथल्या सरावाच्या खोल्यांना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गादीसारख्या भिंती आहेत. दार लावलं की जगात दुसरं कोणी नाही असं वाटतं. जेवायलाही मी बहुतेक एकटीच जाते. घरची फार आठवण येते.

आईला नमस्कार. तिचा ठेचा संपला, पण हे तिला सांगू नका, लगेच डबा पाठवेल. तुमची माया आहे तशीच राहू द्या, ह्या वेळी थोडी जास्तच लागणार आहे.

तुमची,
नीला


हिंगोली,
२२ जुलै २०२४

चि. नीलांबरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दुपारी आलं. तुझ्या आईनं ते आधी वाचलं, मग मला दिलं, आणि ठेच्याचं दोघांनाही कळलं. डबा वाटेत आहे.

बातमी वाचून मी उठून शर्ट घातला. कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं, पण घरात बसवेना. शेवटी नरसीला जाऊन आलो. तिथल्या आपल्या भजनी मंडळात सगळ्यांना सांगितलं. देविदास गुरुजींनी विचारलं असावं की कॉन्चेर्टो म्हणजे काय. असावं म्हणतो, कारण मी ओठांवरून अंदाज घेतो. मी सांगितलं की एक जण अभंग म्हणतो आणि बाकीचे मागे उभे राहून धरतात, तसंच, फक्त ह्यांच्याकडे टाळ नसतात. त्यांना पटलं. पेटीवर आता रामकिशन बसतो. तो बराबर वाजवतो की नाही ते मला ठाऊक नाही. मी टाळ धरतो आणि इतरांचे हात बघून ठेका राखतो. कानाचं यंत्र लावलं तर भजन ऐकू येत नाही, पत्र्यावर खडे पडल्यासारखं होतं. म्हणून ते कपाटात ठेवलंय. भजनाला बसलं की पूर्वी सर्वांच्या मधोमध असायचो, आता कडेला बसल्यासारखं वाटतं. असो.

तुझ्या अडचणीचं. हात थांबतात म्हणतेस, तर आधी तुझा सा कुठं आहे ते बघ. तुझ्या कागदावर ए लिहिलेला, म्हणजे आपली पांढरी सहा. पण घरी आपण काळी पाचला वाजवायचो, तिच्या लगेच वरच्या काळ्या पट्टीला. माझं जन्मभराचं भजन काळी पाचमध्ये, तिथं बोटं आपोआप पळतात. म्हणून आपण दोघं वाजवायला बसलो की मी तुझ्या कीबोर्डवरचं सूर चढवायचं बटण एकानं वर करायचो. तू कागदाप्रमाणे वाजवायचीस आणि आवाज माझ्या पट्टीत यायचा. उठताना पुन्हा खाली करून ठेवायचो. तिथल्या पियानोला असं बटण नसेल. मॅडमना विचारून बघ, त्यांना काळी पाच चालते का.

इकडे ठीक. सोयाबीन चांगलं उभं आहे. कळमनुरीच्या मामांनी तुझा फोटो पेपरात द्यायचा म्हणून मागितलाय, मी डिसेंबरपर्यंत थांबा म्हणालो. अति घाई संकटात नेई.

जेवत जा, आणि एकटी जेवू नकोस. इथं तुझी आठवण काढायला दोन माणसं कायम मोकळीच आहेत.

तुझा,
बाबा


मुंबई,
२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

रागात पत्र लिहू नये असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून चार दिवस थांबले. राग गेलेला नाही.

बटण! तुम्ही बटण वर करायचात आणि मला एकदाही सांगितलं नाहीत. मला वाटायचं पेटीजवळ कीबोर्डचा आवाज असाच उजळ लागतो. मॅडमना काळी पाच चालते का असं विचारलं असतं तर त्यांनी मला खिडकीतून खाली टाकलं असतं. बाबा, आपल्याकडे गळा बसेल तिथं सा धरतात. इथं तसं नाही. ए मेजर म्हणजे ए मेजर. बुवांनी तो सूर ठरवून लिहिलाय, साठ वाद्यं त्याच सुरात लावून बसतात, ती माझ्यासाठी वर सरकणार नाहीत. चार वर्षं मी एका घराचा रस्ता पाठ केला आणि ते घरच तिथं नाही.

तुमचं पत्र वाचून मी एका मुलीचा कीबोर्ड मागून आणला आणि बटण एकानं वर केलं. संथ भागाच्या पहिल्या ओळीलाच रडू आलं. तेच होतं सगळं. आईची कुकरची शिट्टी तेवढी नव्हती. माझं एकटीचं संपलं आणि मी थांबले, तुमच्या पेटीसाठी. अर्थात कोणी वाजवलं नाही.

मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की जुना सूर कानातून पुसावा लागेल, नाहीतर ऑर्केस्ट्रासमोर दर वेळी हेच होईल, आणि एकदा पुसला की तो परत येत नाही, हेही ऐकून ठेव. बाबा, मला पुसायचा नाही. आपण कधी रेकॉर्ड केलं नाही. तुम्हाला आता ऐकू येत नाही. म्हणजे आपला कॉन्चेर्टो जगात फक्त माझ्या कानात आहे. तोही मी माझ्याच हातानं घालवू? टाळ्यांसाठी?

मी ऐश्वर्याला सांगायचं ठरवलंय की तूच वाजव. दिवाळीला घरी येईन ती परत जाणार नाही. हिंगोलीत लहान मुलांच्या शिकवण्या घेता येतील. तुमची पेटी आहे, माझा कीबोर्ड आहे, आणि तुम्हाला ऐकू आलं नाही तरी मला येईल.

उत्तर लवकर पाठवा, पण समजूत काढू नका.

रागावलेली आणि तरीही तुमचीच,
नीला


हिंगोली,
११ ऑगस्ट २०२४

चि. नीलूस,
पोटभर आशीर्वाद.

ह्या खेपेला मी लिहिते, कारण ज्यांनी लिहायचं ते गप्प बसलेत. तुझं पत्र वाचलं आणि तेव्हापासून धड जेवण नाही, बोलणं नाही. काहून जेवत न्हाई म्हणून पाटीवर खडूनं लिहून विचारलं, तर भूक न्हाई म्हणाले. पेटीवरचं कापड काढतात, पुसतात, पुन्हा घालतात. वाजवत मात्र नाहीत. काल म्हणाले की पोरीला मीच आडवाटेला लावलं.

मला तुम्हा दोघांचं काळं-पांढरं काही कळत नाही. तुमच्या बुवांपेक्षा मला कुकरची शिट्टी बरी, ती कुठल्याही सुरात वाजली तरी भात शिजतो. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे ती तुला सांगते, तू तेव्हा बारा-तेरा वर्षांची होतीस. आधी ह्यांनी तुझ्याच सुरात वाजवायचा खटाटोप केला होता. तू शाळेत गेलीस की शाळेच्या ऑफिसात जाण्याआधी हे पेटी घेऊन बसायचे आणि अडखळायचे. तू पुढं निघून जायचीस, हे मागं राहायचे. एकदा तू हसलीस. वाईट हसली नाहीस, लेकरू हसतं तसं हसलीस. त्यानंतर त्यांनी ते बटण शोधून काढलं. तुझ्याबरोबर चालता यावं म्हणून केलं ते. दुसरा मतलब नव्हता.

तुझ्या मनात आहे तर घरी ये, मी दार लावून घेणार नाही. पण बापाला ऐकू येत नाही म्हणून येत असशील तर येऊ नको. सकाळ-संध्याकाळ ती पेटी वाजताना त्यांना दिसेल आणि कळणार काही नाही, ती तकलीफ मला बघवणार नाही. मी ह्यांची बायको आहे, मला माहीत आहे.

द्वारकाबाईंच्या कोमलला मुलगी झाली, बाळंतीण सुखरूप. डबा पोचला का ते तू कळवलं नाहीस, बाप-लेकीच्या भांडणात माझा ठेचा वाया गेला.

ह्यांना चार ओळी लिही. जीव लाव, जसा मी तुम्हा दोघांना लावून बसले आहे.

तुझी आई,
अनुसूया


हिंगोली,
१५ ऑगस्ट २०२४

चि. नीलांबरीस,
आशीर्वाद वि. वि.

तुझ्या आईनं तुला पत्र टाकलं आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. काय लिहिलं ते विचारलं नाही.

समजूत काढू नका म्हणालीस, तर काढत नाही. धंद्यातलं बोलतो. मी जन्मभर साथीला बसलो. साथीचा पहिला नियम असा की गाणाऱ्याचा सूर साथीदारानं धरायचा. बुवा ज्या पट्टीत उभे राहतील तिथं पेटी न्यायची, बोटं तुटली तरी. पेटीवाल्याला सोयीचं पडतं म्हणून बुवांनी सूर बदलला असं नरसीत कधी झालं नाही. आपल्या घरात झालं. गाणारी तू होतीस आणि सूर मी ठरवला. तेव्हा काळी पाच ही तुझी नव्हे, माझी. माझी वस्तू तू जपत बसायचं कारण नाही.

आता काम सांगतो. मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप असतं, ते पांढरी सहाला लाव. सकाळी उठल्यापासून चालू ठेव. केस विंचरताना, कपडे धुताना, जेवताना, तो सा कानावर पडत राहू दे. पहिले काही दिवस पियानोला हातसुद्धा लावू नकोस. आमच्याकडे नवा पोरगा मंडळात आला की त्याला असंच बसवतात, तोंड उघडू देत नाहीत. कान भरला की हात आपोआप जातात. बोटं तुझी बराबरच आहेत, नुसता कान हलवायचा आहे.

मला ऐकू येत नाही म्हणून तू ते जपतेस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला वाईट वाटतं, नीला. सगळं शांत झालं त्याचं वाईट वाटतं. रस्त्यानं चालताना मागून गाडी आली तर कळत नाही, आणि घरात तुझी आई रडली तरी कळत नाही. पण माझ्या शांततेला सोबत म्हणून तू परत यायचं नाहीस. ते मी चालवून घेणार नाही. दिवाळीला ये, फराळ कर आणि परत जा.

ऐश्वर्याला अजून काही बोलली नसशील तर बोलू नकोस.

रागावलीस तरी चालेल, लिहीत जा म्हणजे झालं.

तुझा,
बाबा


मुंबई,
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

चाचणी झाली. मीच वाजवणार आहे. ऐश्वर्यानं मला मिठी मारली आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली, ते मला कळलं आणि मी तिच्यासाठी बाहेर थांबले. आता आम्ही एकत्र जेवतो.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. दिवसभर तंबोरा. शेजारच्या खोलीतली मुलगी विचारून गेली की कुणी वारलं का. पहिले दिवस फार कठीण गेले. सा पांढरी सहावर वाजत असायचा आणि मी मनात वर उडी मारून काळी पाचवर जाऊन बसायचे, आणि मग पुन्हा खाली. हळूहळू उडी मारणं थांबलं. गणपतीच्या सुमाराला पियानोला बसले, संथ भाग सुरू केला, आणि तो खाली बसलेला वाटला नाही. तो जसा आहे तसा वाटला. माझं एकटीचं संपलं, मॅडमचं उत्तर आलं, आणि माझे हात पुढे गेले. मॅडम म्हणाल्या की आता ऐकून राहिलीस. हिंगोलीची भाषा मीच त्यांना शिकवली आहे.

आता दुसरं, जे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. मागच्या आठवड्यात मी आपलं काळी पाचमधलं आठवायला गेले. आलं नाही. खोली दिसली, सतरंजी दिसली, तुमची बोटं दिसली, पण आवाज आला तो पांढरी सहाचा. पुन्हा पुन्हा करून बघितलं. तो कीबोर्ड परत मागून आणला, बटण वर केलं, तर ते मला चढलेलं आणि खोटं वाटलं. आपलंच वाजवणं मला खोटं वाटलं, बाबा. मॅडमनी आधीच बजावलं होतं, तरी त्या दिवशी मी सरावाच्या खोलीत नुसती बसून राहिले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. घर सोडून आले तेव्हासुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

कार्यक्रम चौदा डिसेंबरला आहे. तुम्ही म्हणाल की ऐकू न येणाऱ्यानं खुर्ची कशाला अडवायची. तरी या. दसऱ्याच्या प्रदर्शनातल्या आकाशपाळण्यात आईला बसवून चक्कर आणू नका, तिला प्रवास करायचाय. मी डावीकडच्या खुर्च्या सांगून ठेवते, तिथून माझे हात दिसतात.

वाट बघणारी,
नीला


हिंगोली,
१८ डिसेंबर २०२४

चि. नीलांबरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या आईला रेल्वेत शेजारच्या बाईंनी विचारलं की मुंबईला कशाला गेला होता, तेव्हापासून परभणीपर्यंत ती बोलत होती. मला तेवढं दिसलं. कळमनुरीच्या मामांना फोटो दिला आहे, आता छापा म्हणालो.

कार्यक्रमानंतर गर्दीत तू विचारलंस की कसं वाटलं, आणि मी नुसता पाठीवरून हात फिरवला. म्हणून लिहितो.

सुरुवातीला बराच वेळ त्या कंडक्टर बाई काडी हलवत नुसत्या ऑर्केस्ट्राकडूनच वाजवून घेतात आणि तू मांडीवर हात ठेवून बसलेली असतेस. घरी एवढं सगळं मी एकटा वाजवायचो आणि तू तोवर पेरू खायचीस. ते आठवून मला हसू आलं, शेजारच्या साहेबांनी वळून बघितलं. मग तू सुरू केलंस. तुझी बोटं दिसत होती, त्यामुळे गाणं कुठं पोचलं आहे ते मला क्षणोक्षणी कळत होतं. आणि नीला, मला ऐकू येत होतं. काळी पाचमध्ये. माझ्या डोक्यात दुसरा सूर नाही, आता नवा येणारही नाही. तू विसरलीस म्हणून जीव जाळू नकोस. ते इथं आहे, जाग्यावर आहे.

मग संथ भाग आला. घरी तुझं एकटीचं संपत आलं की तू दर वेळी मान वळवून माझ्याकडे बघायचीस. मी भाता हलवायला घेतला का, पेटीत हवा भरली का, ते बघायला. मी मान हलवायचो, मग तू शेवटची पट्टी सोडायचीस. एकदाही न बघता सोडली नाहीस. त्या दिवशी ती जागा जवळ येऊ लागली तसा माझा डावा हात आपोआप भात्याच्या जागी गेला, उजवा मांडीवर, बोटं तयार. तुझी आई बघत होती, तिनं काही केलं नाही. तू शेवटच्या ओळीवर आलीस. तू मान वळवलीस. त्या कंडक्टर बाईंकडे. त्यांनी मान हलवली, तू पट्टी सोडलीस, आणि सगळ्या व्हायोलिनचे गज एकदम निघाले.

माझा हात तसाच हवेत राहिला. भरल्या सभागृहात मला फार एकटं वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण तू माझ्याकडे बघितलं नाहीस, हे बराबर केलंस. बघितलं असतंस तर चुकली असतीस.

पोचल्याचं कळवलं. तुझं सुख असंच वरचेवर कळत राहो.

तुझा,
बाबा